काळी, पांढरी आणि बॉयलरची राख : बालाघाटावरच्या एका तिसरी-चौथीच्या वर्गाचं प्रकरण

आमच्या शाळेमागचा डोंगर डोक्याला सपाट आहे. बालाघाटाचे बहुतेक डोंगर तसेच. लाव्हाचे थरावर थर साचून झालेले, वरून विळीनं कापल्यासारखे. वर्गात बसून खिडकीकडे मान वळवली की दिसतो. तरीही जुलैच्या पहिल्या आठवड्यात ‘मनातलं चित्र काढा’ म्हटल्यावर 23 पैकी 19 पोरांच्या वहीत जे डोंगर उतरले ते समोशासारखे टोकदार. दोन समोसे, मधून अर्धा सूर्य, खाली नदी, नदीत होडी, काठावर नारळ आणि कौलारू झोपडी. बीड जिल्ह्याच्या या कोपऱ्यात नदी वर्षातले दोन महिने वाहिली तर वाहिली. होडी कुणाच्या बापानं पाहिलेली नाही. घरं माळवदाची नाहीतर पत्र्याची, आणि डोंगरावर झाड म्हणावं तर सीताफळ.

पोरांना दोष नाही. हेच चित्र माझ्याही वहीत होतं, आणि माझ्या बाईंनी त्याला ‘छान’ असा शेरा दिलेला मला आठवतो.

शाळा दोनशिक्षकी, पहिली ते चौथी. तिसरी आणि चौथी एका खोलीत माझ्याकडे. यातल्या निम्म्याहून जास्त पोरांचे आईबाप दिवाळीच्या पुढेमागे ऊसतोडीला जातात, सांगली-कोल्हापूर नाहीतर थेट कर्नाटकात, आणि मार्च-एप्रिलात परततात. काही पोरं हंगामी वसतिगृहाच्या आधारानं आजी-आजोबांजवळ राहतात, बाकीची टोळीबरोबर जातात. म्हणजे या वर्गात वर्षभर चालणारं कोणतंही काम घेतलं तर ते अर्ध्यात अर्धं होणार, हे आधीच ठरलेलं. हे मला माहीत होतं. तरी आदल्या वर्षी मी ते डोक्यात न घेताच प्रकल्प घेतला होता. आधी त्याची कबुली देते.

आदल्या वर्षीचं ‘टाकाऊपासून टिकाऊ’

केंद्रस्तरावर प्रदर्शन होतं. ‘प्रत्येकानं एक वस्तू आणायची’ असं मी फळ्यावर लिहून दिलं. आल्या त्या वस्तू अशा: आइस्क्रीमच्या काड्यांचं घर (काड्या आइस्क्रीमच्या नव्हत्या, तालुक्याच्या दुकानातून कोऱ्या पाकिटात आणलेल्या), थर्माकोलच्या ताटल्यांचा गणपती, चकचकीत कागदाची फुलं, आणि एक मोटारीवर फिरणारी पवनचक्की. थर्माकोलच्या ताटल्यांवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, पण शाळेच्या प्रकल्पासाठी म्हटलं की दुकानदार आतून काढून देतो. टाकाऊ त्यात काहीच नव्हतं. प्रदर्शन संपल्यावर तेवढं सगळं टाकाऊ झालं.

काड्यांचं घर सगळ्यांत देखणं होतं. ज्या पोरीच्या नावानं ते मांडलं होतं तिला मी विचारलं, दार कसं चिकटवलंस गं? ती म्हणाली, “मामानं.” मामा बीडला कॉलेजला. एका आईनं सामानासाठी 140 रुपये खर्च केल्याचं मला नंतर कळलं, तेही तिनं सांगितलं नाही, दुकानात दुसऱ्या बाईकडून कळलं. आणि चार पोरं त्या दिवशी शाळेतच आली नाहीत. कारण विचारायची गरज पडली नाही.

प्राथमिकच्या वेळापत्रकात कला आहे, कार्यानुभव आहे, दोन्हींना श्रेणी द्यावी लागते. शिकवायला वेगळं माणूस मात्र नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशकाची सोय आहे, पण ती सहावी ते आठवीला, आणि तीही शंभरावर पट असेल तर. आमच्यासारख्या शाळेत भूगोल शिकवणारीच कला शिकवते, आणि तिला ब्रश कसा धरायचा हे कुणी दाखवलेलं नसतं. हे रडगाणं नाही. याच कारणानं पुढचं काम मी कलेच्या अंगानं सुरू न करता मातीच्या अंगानं केलं.

“आमचं रान असलं न्हाई”

सुरुवात एका भांडणानं झाली. एक पोरगं शेत रंगवत होतं. खडूच्या डबीतला तपकिरी त्यानं घेतला. शेजारची पोरगी म्हणाली, “आमचं रान असलं न्हाई. काळं हाय.” तिसरा म्हणाला, आमचं तांबूस. चौथा म्हणाला, आमच्यात मुरूमच हाय. डबीत मातीचा म्हणून रंग एकच आणि वर्गात रानं सात-आठ जातींची. काळी, भुरकी, मुरमाड, चुनखडी, ओढ्याकाठची चोपण. ही नावं मला पोरांनीच सांगितली. मी लातूरला शहरात वाढलेली, मला काळी आणि लाल एवढ्याच माहीत.

त्यावरून ठरलं ते असं: ओसरीच्या आतल्या भिंतीवर गावाचा नकाशा काढायचा, साधारण 11 फूट लांब आणि 5 फूट उंच. अट एकच. ज्या जागेचं चित्र, त्या जागेच्या मातीनं रंगवायचं. बाजारचा रंग नाही, एक रुपया खर्च नाही, आणि घरून करून आणायचं काहीच नाही.

मग मी पुन्हा एक चूक केली, आणि या प्रकरणात माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची तीच. मी सांगितलं, “उद्या प्रत्येकानं आपापल्या रानातली मूठभर माती आणायची.” दुसऱ्या दिवशी डब्यांची रांग लागली, तेलाच्या बाटल्या, पावडरचे डबे, कॅरीबॅगा. शेवटच्या ओळीतला तिसरीचा एक मुलगा रिकाम्या हातानं आला. त्याला या लेखात मी डिंकवाला म्हणणार आहे, कारण पुढे वर्गानं त्याला तेच नाव दिलं. मी सहज विचारलं, विसरलास का? तो म्हणाला,

“आमाला रानच न्हाई, मॅडम. म्या कुठली आणू?”

वर्ग शांत झाला नाही वगैरे. पोरं आपली डबे हलवत होती. फक्त माझ्या लक्षात आलं की खर्चाची भिंत मी पाडली आणि तिच्या जागी सातबाऱ्याची उभी केली. आदल्या वर्षी गैरहजर राहिलेल्या चौघांत हाही होता. गावातल्या भूमिहीन घरांतली पोरं कोणती, ते एका वाक्यात मी ओळीनं उभं करून दाखवलं होतं.

त्याच वेळी फळ्यावरचं वाक्य पुसून दुसरं लिहिलं: ‘तू जिथं खेळतोस, जातोस, बसतोस तिथली माती.’ वाक्य बदलल्यावर नकाशाही बदलला, कारण आता त्यात नुसती रानं राहिली नाहीत. देवळामागचा उतार आला, पाण्याच्या टाकीखालचा चिखल आला, एका मुलीनं आजीच्या चुलीतली राख आणली. डिंकवाल्यानं दुसऱ्या दिवशी गायरानातल्या बाभळीखालची माती आणली, आणि खिशात बाभळीच्या डिंकाचे तीन गोळे. तो शेळ्या राखायचा. कोणत्या बाभळीला डिंक सुटलाय हे गावात त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. आणि नुसत्या मातीनं रंग होत नाही, तिला धरून ठेवणारं काहीतरी लागतं, हे तोवर माझ्याही डोक्यात नीट बसलेलं नव्हतं.

मातीचा रंग कसा केला

कुणाला करून पाहायचं असेल तर कृती थोडी सविस्तर देते, कारण ‘नैसर्गिक रंग वापरावेत’ एवढंच वाक्य मी प्रशिक्षणांत ऐकलंय.

माती उन्हात वाळवून, कुटून, पिठाच्या जुन्या चाळणीनं चाळली. एक मग माती, तीन मग पाणी, बादलीत ढवळायचं आणि एक ते साठ मोठ्यानं म्हणायचं. तेवढ्यात वाळू आणि खडे तळाला बसतात. वरचं गढूळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतायचं आणि रात्रभर ठेवायचं. सकाळी वर नितळ पाणी, खाली लोण्यासारखा गाळ. तो गाळ म्हणजे रंग. तिसरीच्या पोरांना साठपर्यंत म्हणायचं काम आवडलं. एकानं तर घाई करून 40 वरच ओतलं आणि त्याचा रंग भिंतीवर खरखरीत आला, मग पुढे त्याच्या बादलीवर सगळे पहारा देत.

डिंक रात्री भिजत घालून सकाळी फडक्यानं गाळायचा. दोन वाट्या गाळाला साधारण एक वाटी डिंकाचं पाणी. वाळल्यावर बोट फिरवून पाहायचं: बोटाला पूड लागली तर डिंक कमी, भेगा पडल्या तर डिंक जास्त. डिंक कमी पडला तेव्हा एका मुलाच्या आईनं चिंचोक्याची खळ करून दिली. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून वाटायचे आणि शिजवायचे. ती खळ डिंकापेक्षा छान धरते, फक्त तीन दिवसांत आंबते आणि मग ओसरीत कुणी उभं राहत नाही.

कुंचे केकताडाचे, म्हणजे घायपाताचे. पानाचा वीतभर तुकडा घेऊन एक टोक दगडानं ठेचलं की गर निघून धागे उरतात. रुंद पट्ट्यासाठी रुंद तुकडा, रेघेसाठी शिंदीची काडी.

काळा रंग मातीतून मिळणार नाही हे आम्हाला फटका खाऊन कळलं. ऑगस्टच्या शेवटी काळीचं रान, म्हणजे नकाशाचा जवळजवळ तिसरा हिस्सा, रंगवून झाला. ओला असताना तो असा देखणा दिसला की मी फोटो काढून घरच्यांना पाठवले. आठ दिवसांत त्याला भेगा पडल्या आणि गणपतीच्या सुट्टीवरून आलो तर अर्धी काळी खाली, फरशीवर, पापडासारख्या खपल्या होऊन पडलेली. पोरांपेक्षा मीच जास्त खट्टू झाले. डिंक वाढवून पुन्हा रंगवलं. पुन्हा खपल्या.

चुलीतली राख आणणाऱ्या मुलीची आजी पोषण आहाराच्या वेळी नातवाला न्यायला यायची. तिनं ओसरीत उभं राहून भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली,

“बाई, काळीनं कुणी भित सारवतंय व्हय? उन्हाळ्यात ती आख्खं रान उकलती, तुमची भित काय सोडंल?”

एवढंच. काळ्या मातीतली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते, त्यात मॉन्टमोरिलोनाइट जातीचं खनिज असतं, हे मी डी.एड.च्या आधी बारावीला घोकलेलं. मार्चमध्ये रानात पाय अडकेल एवढ्या भेगा पोरं रोज ओलांडतात. ते पुस्तक, ती भेग आणि ही भिंत यांची गाठ मात्र आजीनं घालून दिली.

मग तिनंच पांढरीचं सांगितलं. जुन्या माणसांच्या बोलण्यात काळी म्हणजे शेत आणि पांढरी म्हणजे गावठाण. पण पांढरी हे नुसतं नाव नाही, माती खरंच पांढरी असते. पिढ्यान्‌पिढ्या पडलेल्या भिंती, राख, चुना सगळं कुजून झालेली. आमच्याकडे माळवदावर पसरायला आणि भिंती पोतारायला गढीची पांढरी आणतात. ती भेगाळत नाही. शिपाईमामांना बरोबर घेऊन (गढीत साप निघतात) आम्ही दोन पाट्या पांढरी आणली. आजीनं गव्हाचा भुसा आणि थोडं शेण मिसळून मळली, दोन दिवस मुरवली आणि पोरांच्या हातून भिंतीला आधी तिचा लेप दिला. वाळल्यावर त्यावर चुन्याच्या निवळीचा पातळ हात.

त्या दिवशी मी पोरांना अजिंठ्याचं सांगितलं. आपल्याच मराठवाड्यात, इसवी सनाआधीपासून ते पाचव्या शतकापर्यंत जी चित्रं काढली गेली त्यांच्याखाली हेच आहे: दगडावर माती, मातीत भुसा आणि झाडाझुडपांचे धागे, वर चुन्याचा पातळ थर आणि तो वाळल्यावर रंग. तांबडा आणि पिवळा गेरूचा, काळा काजळीचा, हिरवा आपल्या काळ्या दगडात सापडणाऱ्या हिरव्या मातीचा. आजीला मी म्हणाले, तुम्ही केलं तेच त्यांनी केलं. ती म्हणाली, “मग दुसरं काय करणार?”

काळीच्या रानासाठी मग आम्ही तडजोड केली. अट मोडायची नव्हती, म्हणून गाळात निम्मी पांढरी घातली. रंग करडा झाला पण टिकला. गडद रेघांना काजळी. तेलाचा दिवा, वर ताटली, दोन तासांत चमचाभर काजळी. ती पाण्यात टाकली तर तरंगते, कितीही ढवळा, भिजतच नाही. पोरं हसून लोळली. आधी डिंकाच्या थेंबात बोटानं रगडून मग पाणी घातलं की मिसळते. हे शोधायला आम्हाला एक अख्खा शनिवार लागला आणि डिंकवाल्याचे कान रात्रीपर्यंत काळे होते.

निळं कुठनं आणायचं

ओढा रंगवायची वेळ आली तेव्हा अडलं. ओढ्याच्या मातीनं रंगवला तर तो मातीचाच दिसायचा, आणि पोरांना पाणी निळंच हवं होतं. (आमचा ओढा वाहतो तेव्हा चहासारखा असतो. मी हे बोलून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. प्रत्येक वेळी बाईंचंच खरं कशाला करायचं, म्हणून सोडून दिलं.)

दुसऱ्या दिवशी चौथीतल्या एकानं कागदाच्या पुडीत सुंदर निळे खडे आणले. मी हातात घेतले आणि पोटात गोळा आला. मोरचूद. त्याचे वडील डाळिंबावर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण मारतात, त्यातलं. विषारी. पुडी काढून घेतली, सगळ्यांचे हात साबणानं धुतले, संध्याकाळी घरी जाऊन वडिलांच्या हातात दिली. तोवर मला ‘घरातलं, गावातलं’ म्हणजे आपोआप निर्धोक असं वाटत होतं. त्यानंतर आलेली प्रत्येक वस्तू आधी माझ्या टेबलावर, मग बादलीत, असा नियम झाला. चुन्याचं कामही त्याच दिवसापासून फक्त माझ्या हातात. निवळी डोळ्यात उडाली तर मुलाचा डोळा जाईल.

शेवटी निळं आलं ते कपड्यांना घालायच्या पुडीतल्या निळीतून. आता गंमत अशी, अजिंठ्याच्या चित्रांतला निळाही तिथला नाही. तो दगड, लाजवर्द, बाहेरून, अफगाणिस्तानाकडून व्यापाऱ्यांबरोबर आला. आणि पुडीतली नीळ म्हणजे त्याच दगडाच्या रंगाची कारखान्यात केलेली नक्कल. 1820 च्या दशकात फ्रान्समध्ये ती जमली आणि राजेरजवाड्यांचा रंग धोतर-सदऱ्याला देता येऊ लागला. ओढ्यापुरती आम्ही अट मोडली. पोरांनी नकाशाच्या कोपऱ्यात लिहिलं: ‘निळा रंग गावचा नाही.’

टोळ्या गेल्या

दसऱ्याला मुकादमांच्या गाड्या येऊ लागल्या. दिवाळीनंतरच्या सोमवारी वर्गात 11 पोरं उरली. नकाशा तेव्हा दोनतृतीयांश झाला होता. डिंकवाला आई-वडिलांबरोबर गेला. एका कोयत्याची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, म्हणजे नवराबायको दोघं तोडायला, आणि धाकट्या बहिणीला कोपीत (तोडीवरच्या झोपडीत) सांभाळायला तो. त्याची गायरानातली बाभूळ बुंध्यापर्यंत काढून झाली होती, वरचा पसारा बाकी.

राहिलेल्या पोरांत दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, आपण पूर्ण करू. दुसऱ्याचं, त्याची हाय, त्याला करू द्या. मी मनातून पहिल्या तटात होते, कारण जानेवारीत प्रदर्शन होतं आणि अर्धी भिंत कोण पाहणार. पण बोलले नाही. शेवटी चुलीच्या राखेवाली, जी वर्गात ‘हजर’ म्हणताना सुद्धा माझ्याकडे पाहायची नाही, ती म्हणाली, “तो बाभळीला वळखतो. आपल्याला येनार न्हाई.” भावनेची गोष्ट नव्हती ती, तांत्रिक हरकत होती. फांद्या कुठून फुटतात ते कुणालाच माहीत नव्हतं. एकानं पाटीवर काढून दाखवली, ती लिंबाची दिसली.

बारा जागा मोकळ्या राहिल्या. त्यांच्याभोवती काजळीची बारीक रेघ मारली आणि आत ज्याचं काम त्याचं नाव.

प्रदर्शनाचं थोडक्यात सांगते. भिंत उचलून नेता येत नाही. आम्ही मातीचे 14 डबे, कुंचे आणि भिंतीचे तीन फोटो नेले. परीक्षकांनी ‘वस्तू कुठे आहे’ असं विचारलं. नंबर आला नाही. शेजारच्या टेबलावर आइस्क्रीमच्या काड्यांचं घर होतं, मी त्या बाईंना काही बोलले नाही.

नोंदवहीत काय लिहिलं

सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन राज्यात 2010 ला आलं तेव्हापासून कलेच्या वर्णनात्मक नोंदी कराव्या लागतात. त्या कशा होतात हे प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. ‘चित्रात विविध रंगांचा वापर करतो’, ‘कलेची आवड आहे’, एकदा लिहून खाली सगळ्यांना तेच. या वर्षी माझ्याकडे लिहायला काहीतरी होतं. ‘गाळ निवळायच्या आत ओतत नाही, थांबतो.’ ‘डिंक कमी आहे हे बोट लावून ओळखते.’ ‘रस्ता शाळेपासून सुरू करायचा की घरापासून यावर अर्धा तास वाद घातला, पटवून दिलं.’ नोंद खरी असली की ती एकाच पोराला बसते, दुसऱ्याला चिकटवता येत नाही.

जे झालं नाही तेही लिहून ठेवते. वाचन-लेखनात कुणाची प्रगती या कामामुळे झाली असं मी म्हणू शकत नाही. टोळीबरोबर जाणारं एकही पोर यामुळे मागे राहिलं नाही, आणि भिंतीवरच्या चित्रानं ते राहावं अशी अपेक्षा करणं हा उचलीचा हिशोब न समजण्याचा प्रकार आहे. चौथीतल्या दोघांना शेवटपर्यंत यात रस वाटला नाही. ते पाणी आणायला जायचे आणि उशिरा यायचे. नऊ शनिवार गेले, भागाकार मागे पडला, तो मला फेब्रुवारीत ओढून घ्यावा लागला. आणि वहीतले डोंगर? मार्चमध्ये पुन्हा ‘मनातलं चित्र’ दिलं. सात जणांचे सपाट आले. चौघांचे समोसेच. एकानं सपाट डोंगरावर नारळाचं झाड काढलं, त्याला काय म्हणावं मला अजून ठरवता आलेलं नाही.

एप्रिल

परतलेल्या पोरांना जाताना मी एकच सांगितलं होतं: तिकडची मूठभर माती आणा. बाराजणांपैकी तिघांनी आणली. एकीनं कर्नाटकातून आणली ती आमच्यासारखीच काळी, ती बिचारी हिरमुसली. एकानं बैलाच्या झुलीला लागलेली खरवडून आणली. डिंकवाल्यानं प्लॅस्टिकच्या बाटलीत राख आणली. साखर कारखान्याच्या बॉयलरमध्ये उसाचं चिपाड जळतं त्याची. उडून कोप्यांवर पडायची, म्हणाला, सकाळी भाकरीच्या पिठात पण.

आल्या दिवशी त्यानं बाभूळ पुरी केली. खालच्या फांद्या शेळ्यांनी खाल्लेल्या, म्हणून बुंधा शेळीच्या उंचीपर्यंत उघडा, हे त्यानं काढल्यावर सगळ्यांना दिसलं. मग बाटली घेऊन माझ्यापुढे उभा राहिला.

“मॅडम, कोपी कुठं काढू?”

नकाशात जागा नव्हती. गावाची शीव जिथं संपते तिथं भिंतीवरची चौकट संपत होती. त्यानं पश्चिम कुठली ते विचारलं. मी दाखवली. चौकटीबाहेर, डाव्या हाताला, विजेच्या बोर्डाखाली दोन विती भिंत कोरी होती. वर्गातल्या बाकीच्या टोळीवाल्यांनी मोजलं: कारखाना इतका लांब असताना एवढ्या जवळ कसा येईल? मग एकीनं सुचवलं की मधे ट्रक काढू, म्हणजे लांब आहे ते कळेल. राखेनं पाच कोप्या, एक ट्रक आणि धुराडं झालं. राख डिंकात काजळीपेक्षा सोपी मिसळते, पण वाळल्यावर फिकी पडते. दोन हात द्यावे लागले.

यंदा जूनच्या पहिल्या वादळी पावसात ओसरीत झड आली आणि नकाशाची खालची हातभर पट्टी धुऊन गेली. त्यात देवळामागचा उतार आणि ओढ्याचा शेवट होता. नीळ मात्र फरशीच्या फटीत अजून आहे. तिसरीतली पोरं आता चौथीत आहेत, आणि गढीची पांढरी कुणी आणायची यावर त्यांची बोलणी चालू आहेत. आजीला निरोप गेलाय. खिडकीत डबे 15 झाले. पंधराव्यावर डिंकवाल्यानं स्वतःच्या अक्षरात ‘साकर कारकाना राक’ लिहून चिकटवलंय.